शाकारलेली गाडी

चेंदणी कोळीवाड्यातल्या दाजीने उभ्या आयुष्यात होडीला हात लावला नव्हता. पण रुबाब असा, की बघणाऱ्याला वाटावं खाडी यानेच खणली. त्याने डोंबिवलीच्या अण्णांकडून जुनी मोठी गाडी घेतली, तेव्हा पुढे काय होणार ते त्याची बायको मंजुळा सोडून सगळ्या आळीला कळलं होतं.

गाडी आली ती मंजुळाच्या पाटल्या मोडून. तिचे गुडघे गेले होते, मासळीची पाटी डोक्यावर पेलवेना आणि रिक्षावाले पाटी बघूनच पुढे सटकत. वर्तकनगरच्या कॉलनीत तिची बांधलेली गिऱ्हाइकं होती. सकाळी आठच्या आत मासळी आली नाही, तर ती दुसरीकडे जाणार होती. पण गाडी दारात लागली आणि दाजीने नाक उडवलं.

"हिच्यात मावरं? वास मारंल ना!"

मग गाडीत काय, तर अत्तराची बाटली. मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत 'दाजी'. नवरात्रात टेंभी नाक्यापर्यंत मिरवून झालं, ऑइल बदलणं मात्र त्याच्या गावीही नव्हतं. अण्णा फोन करून थकले.

"अहो दाजी, कागद अजून माझ्याच नावावर आहेत. दंडाच्या नोटिसा मला येतात. फॉर्मवर सह्या करून ठेवल्यात, घेऊन जा."

दाजी म्हणाला, "बघू." आणि मंजुळा दुसऱ्यांच्या टेम्पोत कोपरा मागत राहिली.

जूनमध्ये त्याने कहर केला. मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढून शाकारल्या, तशी याने गाडीही शाकारली. वर जाड ताडपत्री, चारी बाजूंनी दोर. मंजुळाने कपाळावर हात मारला. तिचा बाप होडी वर घेतली तरी दर आठवड्याला इंजिन फिरवायचा, तळ खरवडून तेल लावायचा. या रिकामटेकड्याला त्यातली नुसती ताडपत्री दिसली होती.

"अवो, आठवड्याला एकदा चालू तरी करा हिला."

"तुला काय कळतंय गाडीतलं?"

नारळी पुनवेला आळीसमोर ताडपत्री निघाली. हार घातला, नारळ फुटला, दाजीने गॉगल चढवून चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. बॉनेट उघडलं तर इंजिनावर उंदरांचं घरटं आणि वायरी कुरतडलेल्या. पोरं फिदीफिदी हसली. दाजी लाजला असता तर बरं झालं असतं, पण लाजायलाही काहीतरी लागतं.

"अण्णाने फसवलं. भंगारात देतो," तो म्हणाला.

भंगारवाला आला, कागद बघितले आणि म्हणाला, "मालकाची सही आणा." मंजुळाच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी दाजी उठायच्या आत ती डोंबिवलीला अण्णांच्या दारात उभी होती.

"फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव कोरं आहे," अण्णा चष्मा पुसत म्हणाले. "कोणाचं घालू?"

"माजं. पाटल्या माज्या होत्या."

अण्णांनी त्यांचा शहाडचा मेकॅनिक महिपत धाडला. त्याने ऑइलची कांडी बाहेर काढली आणि तिला लागलेला काळा चिकटा दाजीच्या नाकासमोर धरला. ऑइल, बॅटरी, वायरी नव्या पडल्या. खारं पाणी लोखंडाला काय करतं ते मंजुळाला कोणी शिकवायला नको होतं. तिने तीच ताडपत्री दुमडून गाडीत मागे अंथरली आणि काठ वर बांधून घेतले.

आरसीचं कार्ड टपालाने आलं. दाजीने ते उलटसुलट करून तीनदा वाचलं.

"माजं नाव कुटं हाय?"

"मागच्या काचेवर," मंजुळा म्हणाली. "आता पाट्या चढवा आणि गाडी काढा. नायतर दुसरा डायवर बघते."

आठला दहा मिनिटं कमी असताना गाडी वर्तकनगरात शिरली. दाजी खाली उतरला, त्याने गॉगल खिशात घातला आणि पहिली पाटी उचलून गाडीच्या मालकिणीच्या मागे जिना चढू लागला.