मावशींचा खोकला

नवऱ्याचा खोकला तीन महिने हटत नव्हता. समोरच्या बांधकामाची धूळ, असं तो म्हणायचा, आणि मीही ते मानून घेतलं. बोळिंजच्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्या त्या धुळीपायी दिवसभर बंद असत. तो घरूनच काम करायचा, हॉलमध्ये बसून. जवळच्या चांदीप गावाहून स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी त्याच कोंडलेल्या हवेत रोज दोन तास पोळ्या लाटायच्या.

मग एक दिवस थुंकीत रक्त दिसलं. टीबी निघाला.

"घरात कोण कोण असतं? सगळ्यांची तपासणी करून घ्या. खोकल्यातून, हवेतून पसरतो हा," डॉक्टर म्हणाले.

"मी, मुलगी आणि सासूबाई."

मावशी तेव्हा आठवल्याच नाहीत, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिले. आठवल्या होत्या. पण त्यांना कळलं की बिल्डिंगभर होणार, आणि बाहेरगावी राहणाऱ्या नणंदेचं लग्न ठरत होतं. आम्ही सगळ्यांना न्यूमोनिया सांगितला. गोळ्या संपल्या, नवरा बरा झाला.

वर्षाच्या आत मावशी खोकू लागल्या. सरकारी दवाखान्यात निदान झालं. त्यांनी ते लपवलं नाही. खालच्या मजल्यावरही त्या कामाला जात; तिथल्या बाईंना स्वतःच जाऊन सांगितलं, "तुमच्याकडं लहान बाळ हाय, म्हनून सांगते. आता मी येनार नाय."

दुसऱ्याच दिवशी सोसायटीची बैठक. "हे लोक गावाकडून रोग घेऊन येतात," सेक्रेटरी म्हणाले. माझ्या शेजारी बसलेल्या नवऱ्याने मान डोलावली. मावशींना गेट कायमचं बंद करण्याच्या कागदावर मी सही केली.

महिन्याभराने अंडी आणि खजूर घेऊन मी चांदीपला गेले. मावशी अंगणात बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. केवढ्याशा झाल्या होत्या.

"लांब बसा ताई," त्या म्हणाल्या. "माज्यामुळं साहेबांना काय झालं नाय ना? त्यांची छाती आदीच नाजूक. त्यांची तपासनी करून घ्या."

मी खजुराचा पुडा पुढे सरकवला. "नाही मावशी. सगळे बरे आहेत."

"देवाची कृपा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्यांच्या सुनेने तांब्याभांडं पुढे ठेवलं. "पानी घ्या." पाण्यातून हा रोग येत नाही, हे त्या अंगणात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी भांड्याला हात लावला नाही. रिक्षा थांबलीय, म्हणाले आणि उठले.

मावशी पूर्ण बऱ्या झाल्या, असं नंतर कळलं. बोळिंजमध्ये त्यांना पुन्हा कुणी काम दिलं नाही. त्या आता दुसऱ्याच्या वाडीत भाजी तोडायला जातात.

सोसायटीने नवा नियम केलाय. घरकामाच्या बाईने छातीचा एक्स-रे दाखवल्याशिवाय गेटपास नाही. राहणाऱ्यांना तो लागू नाही. आमच्या नव्या बाईचा एक्स-रे मीच खिडकीशी धरून पाहिला. त्यातलं मला काही कळत नाही.