काकूंचा स्टीलचा डबा

खोली बघायला आलेल्या मुलीला तुम्ही पहिलं काय विचारता?

शिकागोत माझं नर्सिंग स्कूल सुरू व्हायला आठवडाच उरला होता. लसी टोचून झाल्या, पांढरे बूट आले, फक्त राहायला जागा नव्हती. कॉलेजजवळ एकट्या राहणाऱ्या एका मराठी काकूंकडे खोली असल्याचं कळलं. गुडघा दाबत त्या जिना चढल्या, बेडवरची चादर पुन्हा पुन्हा सारखी करत म्हणाल्या, "नर्स होणार? बरं झालं बाई, माझं बीपी घरीच बघशील."

मग स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यात चकल्या भरू लागल्या. "डबा काय, सामान आणशील तेव्हा परत दे. आडनाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही...?"

"आम्ही बौद्ध, काकू."

त्यांचा हात थांबला. "आम्ही तसलं काही मानत नाही हं," म्हणत त्यांनी डब्यातल्या चकल्या, एकही न मोडता, प्लास्टिकच्या पिशवीत काढल्या. "परत आणायचा त्रास नको तुला. खोलीचं मुलाला विचारून कळवते."

कळवलं नाही. जात सातासमुद्रापार येते तेव्हा शिव्या देत येत नाही, चकल्या देत येते.

आता मी लांबून बसने येते. वर्गात बीपी घ्यायला शिकताना काकूंचा तो दुखरा गुडघा आठवतो. राग आहेच, पण हळहळ जास्त आहे. त्या घरात आम्हा दोघींची सोय झाली असती.

तुमच्याकडे कोणी आलं, तर आडनाव विचारू नका. भरलेला डबा तसाच तिच्या हातात द्या.