डाव्या पायातली चप्पल

चौलहून नारळ घेऊन अलिबागला निघालेल्या पिकअपमध्ये मला एकदा जागा मिळाली. ड्रायव्हर पन्नाशीचा. बसल्याबसल्या त्याने डाव्या पायातली चप्पल काढली. अनवाणी तळव्याला क्लच नेमका कळतो, म्हणाला. पण गिअर बदलताना तो मान कलती करून इंजिनचा आवाज ऐकत होता.

मी विचारलंच.

"साखरेनं पाय बधिर झालाय. क्लच कुठं सुटतोय ते आता कानानं ओळखतो."

"मग चप्पल कशाला काढता?"

"एखाद दिवशी परत कळंल, म्हणून."

अलिबागला पोतं खांद्यावर घेऊन तो तापलेल्या डांबरावरून चालू लागला. चप्पल गाडीतच होती. मी हाक मारल्यावर त्याने खाली पाहिलं, दुसऱ्या कुणाच्या पायाकडे पाहावं तसं.