किकुए काकूंच्या यकृतातलं वळण

आमच्या ओसाकात कुणी विनोद टाकला आणि समोरच्यानं उलट टोला दिला नाही, तर लोक त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. किकुए काकूंना अख्ख्या बाजारात कुणी निरुत्तर केलेलं नाही. बटाट्याचे कोरोक्के तळता तळता त्या गिऱ्हाइकाची बिनपाण्यानं करतात, आणि वर त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवतात.

तीच बाई त्या दिवशी आमच्या इस्पितळातल्या टेबलावर आडवी होती, पूर्ण शुद्धीत. यकृताच्या पार मागच्या कोपऱ्यात गाठ. मांडीतल्या रक्तवाहिनीतून शिरायचं, शेवईहून बारीक नळी, म्हणजे मायक्रोकॅथेटर, सरकवत गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत न्यायचं, तिथं औषध सोडून वाट बुजवायची. मी नर्स, उशाशी उभी. अडचण एवढीच की ती फांदी फुटते तिथंच उलटी वळते. गेल्या खेपेला नळी आत गेलीच नव्हती. आजही नाही गेली तर गाठ वाढत बसणार. अलीकडची मोठी फांदी बंद करावी, तर तिच्यावर जगणारं चांगलं यकृतही जाणार, आणि तेवढं काकूंकडं शिल्लक नव्हतं.

"काकू, श्वास रोखा," डॉक्टर नादागाकी म्हणाले. रोग्याला सांगताना ते स्वतःचाही रोखतात. मग मीही, काचेपलीकडचा तंत्रज्ञही. चौघं गाल फुगवून गप्प.

नळीला वाट काढून देणारी आतली तार वळणाशी गेली, डोकं आपटून परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

"छ्या! सासुरवाडीची गत," डॉक्टर पुटपुटले. "दारापर्यंत जायचं नि तिथनंच माघारी."

"अवं, रिकाम्या हातानं कोण घरात घेतंय? मिठाई न्यावा की!"

काकू बोलल्या, तशी क्ष-किरणाच्या पडद्यावर यकृतानं उडी मारली. चित्राचा पार चिखल.

"काकू! हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही."

"मग मेल्यावरच आणायचं हुतं की मला!"

डॉक्टर शिशाच्या एप्रनसकट वाकून हसले. मग त्यांनी हुकूम सोडला: आता कुणीच तोंड उघडायचं नाही. तार पुन्हा वळणाशी टेकवली. खोली चिडीचूप. आणि त्या शांततेत डॉक्टरांचं पोट लांबलचक गुरगुरलं.

"उपाशी मी," काकू छताकडं बघत म्हणाल्या, "आन् वरडतंय ह्यांचं!"

स्वतःच्याच टोल्यावर त्या अशा खदखदल्या की छातीचा भाता झाला. मग एक भलामोठा श्वास आत. यकृत खाली सरकलं, वळण जरा सैलावलं, आणि दाराशी टेकलेली तार सुळकन आत! तिच्यामागोमाग नळी.

"श्वास रोखा! सासूनं दार उघडलं!" डॉक्टर बोलून गेले आणि जीभ चावली.

सगळे काकूंकडं बघायला लागलो. ओठाशी उत्तर आलेलं. गाल टम्म, डोळ्यांत पाणी, चादरीखाली पायाची बोटं आवळलेली. पण बाई हलली नाही. पडद्यावर गाठ स्वच्छ उमटली. नळी अगदी जागेवर. पुढं श्वास घ्यायची मुभा मिळाली तरी, औषध जाऊन वाट बुजेपर्यंत काकूंनी ओठ म्हणून उघडले नाहीत.

"झालं, काकू. गाठीचं रक्त तोडलं."

"बोलू?"

"बोला."

"सासूला आतच कोंडून आलात की वो!"

काचेपलीकडचा तंत्रज्ञ खुर्चीवरून घसरला. काकूंनी उशीखालून लिमलेटची गोळी काढली, कशी आणली देव जाणे, आणि माझ्या हातावर ठेवली.

"डॉक्टरांच्या पोटाला दे, बाय. लई वरडत हुतं."