थांबलेला हात

सोनोग्राफीची माझी शिकवणी यंत्रापासून नाही, करंगळीपासून सुरू झाली. धाराशिवच्या दवाखान्यात पोटावर फिरवायचा प्रोब पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी तो माइकसारखा वरून धरला. शिकवणाऱ्या मॅडमनी काढून घेतला. "भाषण करायचंय का? खाली धर, पेनसारखा. आणि करंगळी पेशंटच्या अंगावर टेकव." करंगळी टेकली की हात घसरत नाही, दाब किती पडतोय तेही कळतं. मग सरकवायचं, कलवायचं, जागच्या जागी फिरवायचं. पण एका वेळी एकच. मला सगळ्याची एकदम घाई. "वरण घोटतेस का?" मॅडम विचारायच्या. चित्र सापडलं की मात्र हात जागीच रोखायचा. हे मला सर्वांत उशिरा जमलं आणि जमल्यावर मी फारच खूश होते.

त्याच सुमारास बेंबळी गावची एक बाई आली. आठवा महिना, सकाळपासून बाळ हललं नव्हतं. मागच्या खेपेला बाळ पोटातच गेलं होतं, हे सोबतच्या सासूनं दारातच सांगितलं. मुलगा की मुलगी ते कळू नये म्हणून आमच्याकडे स्क्रीन पेशंटकडे पाठ करून असतो. तिला बघायला माझा हात तेवढा होता.

बाळाची पाठ सापडली. छातीकडे सरकवलं, जरा कलवलं. हृदय फडफडताना दिसलं. मी हात रोखला.

बाईनं माझं मनगट पकडलं आणि चित्र गेलं.

"मागल्या टायमालाबी हात असाच थांबला हुता, ताई. मग डाक्टरनं ह्या आत्याबाईला भायेर न्हेलं."

थांबलेला हात म्हणजे माझ्या लेखी सापडलं, तिच्या लेखी गेलं. ठोके चालू आहेत म्हणून सांगितलं, पण तिला ते खरं वाटलं नाही. तिची पकड न सोडवता मी पुन्हा सरकवलं, कलवलं आणि या वेळी आवाज चालू केला. धकधक खोलीभर झाली. सासूनं तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले. खोलीला खिडकी नाही, दिशा बहुधा चुकली.

बाळाची वार, भोवतीचं पाणी, मापं, सगळं बघायचं बाकी होतं. बाहेर रांग होती. मी प्रोब हलवू लागले तशी मनगटावरची पकड घट्ट झाली.

"हलवू नका, ताई. हितंच राहू द्या जरा."

मी करंगळी टेकवून तशीच बसून राहिले.