वावर प्रोजेक्टचे दोन मेंबर

ऑफिसातले किस्से बहुतेक दुपारच्या चहाबरोबर तिथल्या तिथेच संपतात. कुणी सांगतं, कुणी हसतं, संपलं. माझ्या ऑफिसात मात्र माणसं दोन. एक मी आणि दुसरे बाबा, तेही अर्धा दिवस वावरात, म्हणजे शेतात, आणि उरलेला भाजीबाजारात. त्यामुळे माझे किस्से ऐकायला कुणी नसतं आणि ते साचत जातात. आता एवढे साचलेत की सांगून टाकलेले बरे.

ऑफिस म्हणजे पवनारच्या आमच्या घरातली पुढची खोली. कंपनी पुण्याची, मी घरून काम करतो. काय काम करतो, हे गावात पहिल्यांदा विचारलं ते चौकातल्या पानठेलेवाल्या रामूभाऊंनी.

मी समजावलं, "मोठमोठ्या कंपन्या असतात ना, त्या कोणतं काम कुणी, केव्हा करायचं ते एका सॉफ्टवेअरवर मांडतात. ते सॉफ्टवेअर आमचं नाही. आम्ही त्याला जोडायच्या वस्तू करतो. त्याले ॲड-ऑन म्हणतात. एक ॲड-ऑन कामाचं प्लॅनिंग पट्ट्या काढून दाखवते, दुसरं दर सोमवारी आपोआप रिपोर्ट पाठवते."

रामूभाऊंनी पानाला चुना लावता लावता विचार केला. "म्हंजे सायकल दुसऱ्याची. तुह्यं काम कॅरिअर अन् घंटी लावाचं!"

"हाव, तसंच."

"अन् चालवते कोन?"

"परदेशातले लोक."

"मंग तुह्या तोंडावर एवढा घाम काऊन?"

* * *

आमची ॲड-ऑन बाजारात जाण्याआधी मला तपासावी लागतात. त्यासाठी एक खोटा प्रोजेक्ट लागतो, खोटी कामं लागतात आणि खोटी माणसं लागतात. पुण्यातली पोरं 'टेस्ट युजर एक', 'टेस्ट युजर दोन' अशी नावं टाकून मोकळी होतात. मला त्याचा कंटाळा आला होता. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, घरात दोन पुरुष आणि बोलणं जेवणापुरतं. मी प्रोजेक्टचं नाव ठेवलं 'वावर'. मेंबर दोन, मी आणि बाबा. भाषा मराठी निवडली, कारण मराठीही तपासायची होती. बाबांच्या फोनवर ॲप टाकलं आणि पहिलं काम लिहिलं : भेंडी तोडणे, सकाळी आठपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आठला बाबांच्या खिशात टिंग वाजलं. बाबा तेव्हा वर्ध्याच्या बाजारात ताडपत्री अंथरून बसले होते. त्यांनी मला फोन केला.

"हे कोन सांगून राह्यलं मले, भेंडी तोडा म्हून?"

"ॲड-ऑन सांगते, बाबा."

"त्याले म्हना, भेंडी तोडून अर्धी इकूनही झाली. तूच उशिरा उठला!"

* * *

त्या दिवसापासून बाबा खरोखरच कामं टिक करू लागले. पण त्यांची एक अट होती. काम पूर्ण झाल्याशिवाय टिक नाही. भेंडी तोडली तरी नाही, बाजारात नेली तरी नाही. माल संपून ताडपत्री झटकली की मग टिक.

आमच्या धंद्यात ही फार अवघड गोष्ट आहे. आमच्याकडे कोणाचंही काम दुसऱ्या दिवशी नव्वद टक्के होतं आणि मग महिनाभर नव्वद टक्केच राहतं. एकदा बाबा माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते. सगळीकडे नव्वद, नव्वद, नव्वद.

"हे नव्वद म्हंजे काय रे?"

"म्हंजे झाल्यासारखंच. थोडं राह्यलं."

"मेथीची जुडी बांधली, पन सुतळी नाई लावली. तसं?"

"हाव, तसंच काहीसं."

"मंग ते झालं नाई ना! जुडी सुटते रस्त्यात."

मी हे वाक्य मीटिंगमध्ये सांगितलं. आमची मॅनेजर सायली, वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान, ती खूप हसली. मग गंभीर झाली आणि सगळ्यांना म्हणाली, "आजपासून सुतळी लागल्याशिवाय कोणी काम संपलं म्हणायचं नाही!" पुण्यात अजून ती म्हण चालते म्हणे. मला कळतं ते स्क्रीनवरूनच.

* * *

दर सोमवारी नऊ वाजता 'वावर' प्रोजेक्टचा रिपोर्ट दोघांच्याही फोनवर येतो. काय झालं, काय राहिलं, काय उशिरा चाललं. मी तो कधीच उघडत नाही, कारण तो मीच बनवलेला आहे. बाबा मात्र सोमवारी बाजाराला जात नाहीत. ते ओट्यावर बसतात, चष्मा लावतात आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतात. पेपर वाचावा तसा.

"वांगे, पूर्ण. पालक, पूर्ण. तार बांधनं, उशिरा. हे उशिरा कोनाचं आहे? तुह्यं!"

एका सोमवारी माझ्या हातून घोळ झाला. एका परदेशी कंपनीला त्यांचा रिपोर्ट जातो, तिथे प्रोजेक्ट निवडताना मी 'सगळे' वर क्लिक केलं. 'वावर'ही त्यात गेला. दुपारी सायलीचा फोन.

"निलेश, क्लायंट विचारतोय, हे बाबा कोण?"

मी विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हणतो, पूर्ण यादीत हा एकच माणूस आहे ज्याचं एकही काम उशिरा झालेलं नाही. त्याला आमच्या प्रोजेक्टवर देता का!"

मी खरं काय ते सांगितलं. सायली पोट धरून हसली. संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, तुम्हाला परदेशातून बोलावणं आलंय. बाबांनी टोपलं खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "त्याईले म्हना, पयले या पवनारले. वांग्यातलं गवत निंदाले मानूस भेटत नाई."

* * *

पुण्याच्या ऑफिसात वाढदिवस असला की मलाही व्हिडिओवर बोलावतात. मोठ्या स्क्रीनवर माझं तोंड, खाली केक. सगळे टाळ्या वाजवतात, मीही इकडे वाजवतो. एकदा केक कापून झाला आणि सगळे बोलत बोलत बाहेर गेले. कॉल बंद करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

मीही बंद केला नाही. रिकाम्या खुर्च्या, टेबलावर कागदी प्लेट्स, कुणाची तरी विसरलेली ओढणी. मी बघत बसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. दाराबाहेर कोणीतरी हसत होतं, तेही ऐकू येत होतं.

मग झाडूवाल्या मावशी आत आल्या. प्लेट्स गोळा करता करता त्यांची नजर स्क्रीनवर गेली आणि त्या दचकल्याच.

"अगं बाई! साहेब, सगळे गेले. तुम्ही अजून इथंच?"

"नाही हो मावशी," मी म्हणालो, "मी पवनारला आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तिकडंच खा काहीतरी," असं म्हणाल्या आणि स्विच बंद केला.

* * *

आमचं आणखी एक ॲड-ऑन आहे, वेळ मोजणारं. कामावर कोणाचा किती वेळ गेला ते त्यात कळतं. दहा मिनिटं माउस हलला नाही की स्क्रीनवर चौकोन येतो : तुम्ही आहात का? खाली एक बटण, 'आहे'.

एकदा तो चौकोन आला तेव्हा बाबा पाणी प्यायला आत आले होते.

"हे कोन इचारते?"

"मशीन."

"दिवसातून किती खेपा?"

"हात थांबला की इचारते."

बाबांनी तांब्या ठेवला. "चांगलं आहे. मले तं कोनी इचारत नाई."

मी 'आहे' दाबलं आणि पुढे काम करत राहिलो. त्या वेळी मागे वळून त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते.

* * *

आता शेवटचा किस्सा.

यंदा सायलीने सांगितलं, घरून काम बंद. पुण्याला ये, टीम लीड हो, बसायला खिडकीजवळची जागा ठेवली आहे. मला जायचं होतं. हे मी आजवर कोणाला बोललो नाही, म्हणून इथे बोलतो. पस्तिशी उलटली, लग्नाचं जमता जमता राहिलं आणि मला चार माणसांत बसून चहा प्यायचा होता. पण बाबांना एकटं टाकून जायचं कसं, तेही कळत नव्हतं.

मनातलं काही सुटत नसलं की मला त्याच्या पट्ट्या काढायची सवय आहे. मी 'वावर' उघडलं आणि दोन कामं लिहिली. पहिलं, 'बाबांची सोय'. दुसरं, 'पुण्याला रुजू होणे'. पहिल्यापासून दुसऱ्याकडे बाण काढला. या बाणाचा नियम असा की मागचं काम संपल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही. बाबांची सोय केव्हा पूर्ण होईल ती तारीख मी टाकलीच नाही. मग दर सोमवारी ॲड-ऑन पुण्याची पट्टी आपोआप आठवडाभर पुढे ढकलू लागलं. मला ते सोयीचं वाटायचं. मी थोडाच थांबलो होतो, चार्टने थांबवलं होतं! सायलीने विचारलं की मी सांगायचो, "प्लॅनमध्ये आहे."

सोमवारचा रिपोर्ट बाबांनाही जातो, हे मी साफ विसरलो होतो. आणि दर सोमवारी बाबा ओट्यावर बसून तो वाचतच होते. मोठ्याने वाचणं तेवढं बंद झालं होतं. ते का, हे मी विचारलं नाही.

मग घरात एकेक गोष्ट होऊ लागली. बाबांनी आयुष्यात चूल पेटवली नव्हती. एके दिवशी विचारलं, "वरनाले शिट्ट्या किती द्याच्या रे?" दाराच्या मागे भिंतीवर खडूने नंबर लिहिले, गॅसवाल्याचा, ऑटोवाल्याचा, डॉक्टरचा. आंजी गावची माझी आत्या रोज संध्याकाळी सातला फोन करू लागली, आणि बाबा तो उचलायला घाईघाईने घरी येऊ लागले. मला आनंद झाला. वाटलं, चला, आई गेल्यावर एवढ्या दिवसांनी बाबा सावरले.

एका रविवारी सकाळी म्हणाले, "आज तू वर्ध्याले जाय. तिकडंच जेवजो."

"काऊन?"

"मले एकट्यानं जेवून पाहाचं आहे."

मला गंमत वाटली. वर्ध्याला गेलो, मित्र कोणी भेटला नाही, एकटाच जेवलो आणि दुपारच्या बसने परत आलो. मोरीत दोन ताटं धुऊन उपडी ठेवलेली.

"कोनी आलं होतं काय?"

"नाई रे. सवयीनं दोन वाढले," बाबा म्हणाले. "मंग काय, दोनी जेवलो."

आम्ही दोघंही हसलो.

त्याच्या पुढच्या सोमवारी मी सकाळी लॅपटॉप उघडला. 'वावर'मध्ये एक पट्टी हिरवी झाली होती.

'बाबांची सोय. पूर्ण. पूर्ण करणारे : बाबा.'

आणि इतके आठवडे पुढे पुढे सरकणारी पुण्याची पट्टी मागे येऊन आजच्या तारखेवर उभी होती. खाली लिहिलं होतं, 'सुरू करता येईल'.

मी चप्पल न घालता वावरात गेलो. बाबा पाठमोरे, वाकून वांगी तोडत होते.

"बाबा, ते तुम्ही टिक केलं?"

"हाव."

"पन ते झालं कुठं?"

बाबा सरळ झाले नाहीत. हातातलं वांगं टोपल्यात ठेवलं, पुढच्या झाडाकडे सरकले.

"नव्वद टक्के झालं," ते म्हणाले. "बाकीचं दहा नाई होत."