आधी आवाज, मग ओठ

घड्याळवाल्या काकांशी माझं पटतं म्हणावं तर रोज भांडण, आणि नाही म्हणावं तर या इमारतीत दुसऱ्या कुणाशी मी बोलतच नाही. ते वरच्या मजल्यावर एकटे, मी खाली एकटी. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून ते मला डॉक्टरीणबाई म्हणतात.

त्यांनी स्वतःचं दुकान बंद केलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस खचणार. काकांनी काय केलं, तर टेबल खिडकीपाशी ओढलं, जुन्या कॉम्प्युटरवर वेबकॅम बसवला, शर्टाला माइक अडकवला आणि रोज दुपारी चारला घड्याळं दुरुस्त करत लाइव्ह जायला लागले. बघणारे कधी पाच, कधी दोन. त्यातली एक कायमची, परगावी राहणारी त्यांची थोरली बहीण. ताईंचे कान जवळजवळ गेलेत. फोनचा उपयोग नाही. यंत्र लावलं की थोडा आवाज कानात पडतो, उरलेलं त्या ओठांवरून ओळखतात. रोज पाच वाजता त्या खाली एकच शब्द लिहायच्या, ‘छान’. तेवढ्यावर काकांचा पुढचा दिवस निघायचा.

परवा ते तीन वाजताच माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. चेहरा पार उतरलेला.

“डॉक्टरीणबाई, ताईला काही कळत नाही हो.”

“म्हणजे?”

“काल आईचं मनगटी घड्याळ चालू केलं. कॅमेऱ्यात बघून विचारलं, ताई, हे तुला पाठवू की माझ्याकडे ठेवू? तिने लिहिलं, छान.”

मी हसले. मग त्यांच्याकडे बघून माझं हसू आपोआप थांबलं.

“अहो, मग लिहून विचारा ना!”

“लिहून विचारायला ती काय वीज कंपनी आहे? बहीण आहे माझी!”

या माणसाच्या रागाला औषध नाही. मी दुकानाला कुलूप लावलं आणि वर गेले. त्यांना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायला लावली, ती रेकॉर्ड केली आणि हळू करून बघितली. टाळीचा आवाज आला तेव्हा पडद्यावर काकांचे हात अजून वीतभर लांब होते! आवाज आधी, चित्र मागून. बिचाऱ्या ताईंच्या कानात एक शब्द पडत होता आणि ओठांवर दुसराच दिसत होता.

सेटिंग उघडलं. आवाज पुढे-मागे करायच्या खान्यात आकडा होता, वजा दोनशे मिलिसेकंद.

“हे कुणाचं काम?”

“माझंच. आठ महिने झाले. कुणीतरी लिहिलं होतं, आवाज ओठांच्या थोडा आधी येतो. घड्याळ पुढे पळत असलं की आतली वेगाची काटी वजाकडे सरकवायची. चाळीस वर्षं तेच केलं मी.”

मी कपाळावर हात मारून घेतला. “काका, हे घड्याळ नाही! तुमच्या कॅमेऱ्याचं चित्र यायला वेळ लागतो, म्हणून आवाजाला थांबवायचं. इथे थांबवायचं म्हणजे अधिक. वजा केलंत तर तो आणखी पुढे पळतो. होतं त्याच्या दुप्पट करून ठेवलंत! एकदा तरी रेकॉर्डिंग लावून बघायचं होतं.”

“स्वतःचं थोबाड बघायला मला वेळ नाही.”

वेळच वेळ होता. रिकाम्या खोलीत आपणच बोलताना आपल्याला बघवत नाही, हे मला ठाऊक आहे.

ते खुर्चीत बसले. “आठ महिने,” ते म्हणाले, “मग ती रोज तासभर काय बघत होती?”

मी अधिक दोनशे केलं. पुन्हा टाळी वाजवली, पुन्हा रेकॉर्डिंग बघितलं. हात एकमेकांना लागले आणि त्याच क्षणी आवाज आला.

चार वाजले. काकांनी आईचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरलं.

“ताई, आईचं घड्याळ. तुला पाठवू, की माझ्याकडे ठेवू?”

आपलं बोलणं तिकडे पोचून उत्तर यायला अर्धं मिनिट तरी जातं. शिवाय ताई एका बोटाने टाइप करतात. दोन मिनिटं झाली, तीन झाली. काका पडद्याकडे बघत होते, मी काकांकडे. पुन्हा ‘छान’ आलं तर या माणसाला काय सांगायचं?

मग अक्षरं आली. ‘ठेव तुझ्याकडेच. मला टिकटिक कुठे ऐकू येणार.’

खाली आणखी एक ओळ आली. ‘आज कळलं तू काय म्हणतोस ते. इतके दिवस नुसतं तुझं तोंड हलताना बघत होते. तू आहेस, एवढं समजायचं.’

काकांनी मान खिडकीकडे वळवली आणि तिकडे तोंड करूनच घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणाले.

“काका!” मी ओरडले. “इकडे बघून बोला! त्यांना ओठ दिसत नाहीयेत.”